पायात बूट होते

बाबा, ते बूट अजून आमच्या गॅरेजमध्ये आहेत. तपकिरी, घोट्यापर्यंत येणारे, तुम्ही घराबाहेर एकदाच घातलेले. काल तुमचे जावई म्हणाले, चॅरिटी शॉपला देऊन टाकू या, उगाच जागा अडते. मी म्हटलं, हो देऊ, आणि ते गेल्यावर बूट आणखी मागे सरकवून ठेवले. आज सकाळपासून बर्फ पडतोय, मला हॉस्पिटलला सुट्टी आहे, स्वयंपाकघरात चहा आणि कागद-पेन घेऊन बसलेय आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे एक भांडण काही मिटत नाही. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणोत बापडे. मला तुमची आठवण चिडल्याशिवाय काढताच येत नाही, त्याला मी काय करू?

त्या वर्षी तुम्ही नोव्हेंबरात कार्डिफला आलात, व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांसाठी. आईला जाऊन दीडेक वर्ष झालं होतं. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तुम्ही एकटे. फोनवर विचारलं, काय जेवलात, की उत्तर ठरलेलं: "खिचडी." सकाळी खिचडी, संध्याकाळी खिचडी, वर म्हणायचं की माझं काय अडलंय. तेव्हा पासष्टीपुढच्या आईवडिलांना इथे कायमचं ठेवून घ्यायची सोय होती. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, सगळं मी विचारून ठेवलं होतं. खालची खोली तुमच्यासाठी रंगवून घेतली होती. हवा होता फक्त तुमचा होकार. आणि तुम्ही काय म्हणत होतात? "बघू." नाश्त्याला बघू, जेवताना बघू, झोपायला जाताना बघू. एकदा तर मी पोळी लाटता लाटता लाटणं खाली आपटलं. तुम्ही पेपरातून डोकंही वर काढलं नाहीत. एवढंच म्हणालात, "जावयाच्या घरी पाहुणा म्हणून यावं गं. मुक्काम टाकू नये." तुमचे जावई बिचारे तेव्हा तुमच्याच चपलेचा तुटलेला अंगठा चिकटवत बसले होते.

मग फेब्रुवारीत एक दिवस टीव्हीवर डोंगरावरचा बर्फ दाखवत होते. तुम्ही चष्मा सारखा केलात आणि विचारलंत, "तू त्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणींबरोबर चढायला जातेस तो हाच का?" मी म्हटलं, हाच, ब्रेकन बीकन्समधला, पेन-अ-वॅन. "मग मला ने तिथे. तुझ्या त्या राहण्या-बिहण्याचं काय ते वर गेल्यावर सांगतो." मी टीव्हीचा आवाजच बंद केला. कारण वर गेल्यावर सांगतो याचा आपल्या घरातला अर्थ मला चांगलाच ठाऊक होता.

आपल्याकडे मोठं काही ठरवायचं असलं की ते सिंहगडावर ठरायचं. दर रविवारी पहाटे तुम्ही गड चढणार, मी हाताला धरून, पुढे पुढे पळत, आणि मग कॉलेजात गेल्यावर कुरकुरत. वर देवळापाशी पोचलं की चपला काढायच्या, थंडगार दगडावर उभं राहायचं आणि बोलायचं. अनवाणी बोललेलं मोडायचं नाही, हा तुमचा कायदा. तो कुठून आणलात देव जाणे, तुमच्या वडिलांनी असलं काही केल्याचं आत्यालाही आठवत नव्हतं. मला मिरजेला मेडिकलला पाठवायचं तुम्ही तिथेच सांगितलंत. आईच्या ऑपरेशनला हो तिथेच म्हणालात. आणि मी एकदा त्या कायद्याचा तुमच्यावरच प्रयोग केला. देवळापुढे सँडल काढली आणि एका दमात सांगून टाकलं की लग्न करीन तर याच मुलाशी. तुमचा चेहरा लालबुंद झाला, पण करता काय? उतरताना निम्म्या वाटेवर तुम्ही तोंड उघडलंत, "अगं, आधी सँडल घालून सांगायचं होतंस. काही बोलता तरी आलं असतं." मी हसून लोटपोट झाले होते. तेव्हा मला फार गंमत वाटली होती.

तर तुम्हाला डोंगरावर न्यायचं ठरलं, आणि तिथून तुम्ही माझ्या नाकी नऊ आणायला सुरुवात केलीत. हवा वाईट म्हणून मी बेत पुढे ढकलला, तर म्हणे, "सिंहगडाला मी कधी हवा विचारून गेलो नाही." बूट घ्यायला दुकानात नेलं, तर त्या पोराला तुम्ही तुमचे पुण्याहून आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट पिशवीतून काढून दाखवलेत आणि मला म्हणालात, "विचार त्याला, यात काय वाईट आहे." तो पोरगा मोठ्या अदबीनं म्हणाला, उन्हाळ्यात छान आहेत. मी त्याचं भाषांतर केलं, "तो म्हणतोय पाय गमवाल." शेवटी हे तपकिरी बूट घेतले. घरभर ते घालून तुम्ही पाय आपटत हिंडलात. "हे बूट आहेत की विटा?" वर माकडटोपी, त्यावर मी दिलेली लोकरीची टोपी, हातात काळी छत्री. छत्री कशाला? "काठी म्हणून." मी चालायच्या काठ्या घेतल्या होत्या ना! "त्या तुला. मला पाऊस आला तर?" बाबा, बर्फात छत्री! मी ती गाडीत ठेवून गाडीला कुलूप लावलं, तर तुम्ही तोंड फुगवून पहिली चढण माझ्याशी बोललाच नाहीत.

पण बोलला नाहीत ते फक्त माझ्याशी. वाटेत येणाऱ्या प्रत्येक माणसाला तुमचं "हॅलो, गुड मॉर्निंग!" मोठ्यानं, गडावर म्हणतात तसं. लोकही हसून हॅलो म्हणत होते, इथपर्यंत ठीक होतं. मग तुम्ही खिशातून चिक्की काढलीत. एका बाईला थांबवून तिच्या हातमोज्यावर चिक्कीचा तुकडा ठेवलात आणि विचारलंत, "हाऊ मेनी चिल्ड्रन?" मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती बाई चिक्की चावत तुम्हाला तिच्या तिन्ही मुलांची माहिती देत उभी राहिली आणि मी शेजारी वाऱ्यात कुडकुडत. "बाबा, थांबायचं नाही, अंग गार पडतं," मी सारखी सांगतेय. "माणसाशी बोलल्यानं कुणाचं अंग गार पडत नाही, डॉक्टरीणबाई." चिडलात की मी डॉक्टरीणबाई. आणि चालताना माझ्या पावलावर पाऊल टाका म्हटलं तर ते जमेना. मी डावीकडून, तर तुम्ही उजवीकडून. सगळ्या गडांना एक चोरवाट असते म्हणे. अहो, हा गड नाही, इथे कुणाच्या चौक्या चुकवायच्यात तुम्हाला? पण नाही. गुडघाभर बर्फात रुतून बसलात, मी ओढून बाहेर काढलं, आणि तुम्ही मांडीवरचा बर्फ झटकत म्हणालात, "भुसभुशीत आहे." जसं काही मला वाटत होतं तो सिमेंटचा आहे.

एक मात्र सांगते, दमला नाहीत. सत्तरीचा माणूस, पण तुमचा श्वास माझ्यापेक्षा सावकाश चालला होता. मधे एकदा थांबून मागे पाहिलंत. खाली गाड्या मुंगीएवढ्या, तळ्यावर ढगाची सावली, सगळं पांढरं. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "तुझ्या आईला दाखवायला हवं होतं. ती म्हणाली असती, एवढी साखर सांडली कुणी." मी हसले आणि माझे डोळे भरून आले, आणि लगेच तुम्ही विचारलंत, "वर पिठलं-भाकरी मिळते ना?" मी सांगितलं, वर काही मिळत नाही. "दही तरी?" दहीही नाही. तुम्हाला ते खरंच वाटलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघून असे हसलात, जसं काही वर पोचल्यावर दह्याच्या मडक्यामागे बसलेली बाई दाखवून मी तुम्हाला चकित करणार आहे.

वर पोचलो आणि माझा जीवच गेला. माथा सपाट, पांढरा, वारा कान कापणारा. मी पाठीवरची सॅक उतरवून थर्मास काढतेय, तेवढ्यात तुम्ही सरळ कड्याकडे निघालात. उत्तरेची बाजू तुटलेली आहे तिथे, आणि वाऱ्यानं बर्फाची कड बाहेर लोंबते. वरून बघाल तर जमीनच वाटते, खाली काही नसतं. निघण्याआधी मी तुम्हाला हे सांगितलं होतं, ताटावर रुमाल ठेवून, त्याची कड ताटाबाहेर ओढून दाखवली होती. तुम्ही मान डोलावली होतीत. पण गडावर चढलेल्या माणसाला तटावरून खाली डोकावायचंच असतं, आणि तुमच्या लेखी तट असणारच. मी ओरडले. असं ओरडले की आयुष्यात कुणावर ओरडले नाही. "बाबा! जागचे हलू नका!" तुम्ही थबकलात. मी पळत जाऊन तुमच्या कोटाची कॉलर धरून मागे खेचलं. आणि तुम्ही? तुम्ही कॉलर सोडवून घेतलीत आणि दबक्या आवाजात म्हणालात, "चारचौघांत बापावर ओरडायचं नाही." मी तुमची बाही धरून तुम्हाला मागे नेत होते आणि तुम्हाला चारचौघांची पडली होती. चारचौघे म्हणजे कोण, तर एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा. दोघं दगडांच्या ढिगाऱ्याच्या आडोशाला बसून सँडविच खात होते.

मग तुम्ही त्या ढिगाऱ्याला एक प्रदक्षिणा घातलीत. "देऊळ कुठाय?" नाहीये. "पाण्याचं टाकं?" नाहीये. "मग लोक इथे येऊन करतात काय?" मी म्हटलं, बघतात, सँडविच खातात आणि खाली उतरतात. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं काही हा डोंगर मीच बांधायला घेतला आणि अर्धवट सोडला. मग ढिगाऱ्याला हात लावून नमस्कार केलात, "हाच देव समजू," म्हणालात, आणि एका दगडावर टेकून हातमोजे काढलेत. मी चहा ओतत होते. वळून बघते तर तुम्ही वाकून बुटाची नाडी सोडताय. "काय करताय?" "बूट काढतोय." "इथे?" "मग कुठे, गाडीत?"

मी चहा ठेवला आणि तोंड सोडलं. बर्फात पाय उघडे टाकले तर काय होतं ते सगळं सांगितलं. बोटं पांढरी पडतात, मग काळी पडतात, मग कापावी लागतात, मी वॉर्डात बघितलंय, या वयात रक्त पायापर्यंत पोचत नाही, वगैरे वगैरे. तुम्ही शांतपणे म्हणालात, "एक मिनिटाचं काम आहे. काढल्याशिवाय बोलायचं कसं?" "बूट घालून बोला! या देशात बूट घालूनच बोलतात!" आपला आरडाओरडा ऐकून तो म्हातारा उठून आला. मला विचारलं, यांना बरं वाटतंय ना? मी काही बोलायच्या आत तुम्हीच त्याला सांगितलंत, "डॉटर इज डॉक्टर. व्हेरी स्ट्रिक्ट." तो हसला, मान हलवून म्हणाला, माझीही तशीच आहे. तुम्ही त्यालाही चिक्की दिलीत. तोवर मी खाली बर्फात गुडघ्यावर बसले होते. तुमची सुटलेली नाडी ओढून आवळली, डबल गाठ मारली, मग दुसऱ्या बुटाची सुटलीच नव्हती तरी तिलाही डबल गाठ मारली. माझे हात बधिर झाले होते, नाकातून पाणी येत होतं, आणि मी बडबडत होते की लहान मुलं परवडली. मग तुम्ही माझ्या टोपीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "राहतो."

"काय?"

"राहतो म्हटलं. तुझ्याकडे. आता ऊठ, चहा गार होतोय."

बाबा, मी त्या दिवशी डोंगर उतरले नाही, तरंगत खाली आले. तुम्ही चोरवाटा काढल्यात, मी काढू दिल्या. गाडीत बसल्यावर तुम्ही छत्री मांडीवर घेतलीत आणि घोरायला लागलात, आणि मी घरी येईपर्यंत एकटीच गाणी म्हणत गाडी चालवली. खालच्या खोलीला जाडे पडदे लावले. लेस्टरच्या आपल्या लोकांच्या बाजारात जाऊन तुमच्यासाठी बसक्या पाटासकट देव्हारा आणला. तुमचे जावई म्हणाले, थोडं थांब, अजून अर्ज करायचाय. मी म्हटलं, आमच्या घरात वर बोललेलं मोडत नाहीत. माझ्यासारखी मूर्ख मीच. तुमची मुलगी असून मला कळू नये?

एप्रिलमध्ये तुम्ही भाजी निवडत बसला होतात, याच टेबलाशी. मेथीची जुडी पुढ्यात, काड्या एकीकडे, पानं एकीकडे. म्हणालात, "तिकिटाची तारीख नक्की करून घे गं, एअरलाइनला फोन करून." मला वाटलं पुढे ढकलायची म्हणताय. नाही. जायची. "म्हणजे? तुम्ही राहतो म्हणाला होतात!" "म्हणालो होतो." "वर म्हणाला होतात! डोंगरावर!" तुम्ही मेथीचं एक पान नीट खुडलंत, पातेल्यात टाकलंत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "पायात बूट होते." मी पातेलं तुमच्यापुढून ओढून घेतलं. "बूट घालून माणूस बोलतो ते नुसतं बोलणं. मी तर काढत होतो. तूच काढू दिले नाहीस." मी त्या दिवशी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. फसवणूक म्हणाले, एवढं आठवतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि मेथी धुवायला उठलात. निघताना कॅनव्हासचे बूट घातलेत, हे तपकिरी दाराशी नीट जोडीनं ठेवलेत. "पुण्यात यांचं काय काम? इथेच राहू देत." तुमच्याऐवजी बूट राहिले, असा तुमचा हिशेब असावा.

पुढची तीन-चार वर्षं तुम्ही फोनवर खिचडी खाल्लीत आणि रविवारी गड चढलात. मग एका सकाळी शेजारच्या काकूंनी दार वाजवलं तर तुम्ही उघडलं नाहीत. खुर्चीतच होतात, कपात चहा होता. मी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. तुमच्या पायांना हात लावला तेव्हा ते गार होते, आणि तेवढ्या गर्दीत मला पहिलं काय सुचावं, तर डोंगरावर यांना मी गार पडू दिलं नव्हतं. मला तुमची आठवण येते, बाबा. रोज नाही, खोटं कशाला सांगू. पण बर्फ पडला की येते, आणि मेथी निवडताना हमखास येते.

आता एक सांगते. हे तुमच्या जावयांनाही माहीत नाही. एक मिनिट बर्फात अनवाणी उभं राहून कुणाची बोटं झडत नाहीत. मी डॉक्टर आहे, मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. वॉर्डात बघितलंय म्हणाले, तेही खोटं, असला पेशंट मी आजतागायत बघितलेला नाही. तुम्ही नाडी सोडायला वाकलात तेव्हा तुमचा चेहरा मला दिसला. आईच्या ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी होता, तोच, मनाला नको असलेलं बोलायच्या आधीचा. त्या चेहऱ्यानं तुम्ही नाहीच म्हणणार होतात. अनवाणी उभं राहून नाही म्हणाला असतात, तर मला पुढे तोंडच उघडता आलं नसतं. बूट पायात राहिले तर तुमचं नाही हे नुसतं बोलणं होईल, आणि बोलण्याशी मला हवं तितकं भांडता येईल, म्हणून मी त्या गाठी मारल्या. तुम्ही उलट राहतो म्हणाल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला तसं गुडघ्यावर बघून तुम्हाला दया आली की माझी लबाडी कळली, हे विचारायचं राहून गेलं. आणि मला वाईट वाटत असेल असं समजू नका. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा डबलच गाठ मारीन.

पत्र पाठवायचा प्रश्न नाही, कोथरूडचा फ्लॅटही विकला. पण लिहिलंय ते खरं आहे. मघाशीच सपाता आणि मोजे काढून टेबलाखाली सारलेत. फरशी फार गार आहे, बाबा.